फिर्यादीत नाव कोणाचे?

(पनवेल येथे प्रबोधनकार ठाकरे यांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण. वक्त्याच्या टिपणावरून.)



चालकांनी मला विषय दिला तो ‘वादग्रस्त नियतकालिके आणि त्यांवरील खटले’ असा. मी वकील नाही आणि संपादकही नाही. चार वर्गणीदार गोळा करून देणारा, अंक वाटणारा, सभेच्या सतरंज्या उचलणारा माणूस. तेव्हा कायद्याचा कीस पाडावा अशी अपेक्षा माझ्याकडून करू नये. परंतु या विषयात मी एकदा स्वतःचे हात काळे करून घेतले आहेत, आणि ती हकीकत सांगावयाची म्हणून मी हे आमंत्रण पत्करले. ती पुढे येईलच.

प्रबोधनकार १७ सप्टेंबर १८८५ रोजी याच गावात जन्मले. लिहून प्रती काढण्याचा आणि त्या वाटण्याचा नाद त्यांना इथल्या शाळकरी वयातच लागला. पुढे १६ ऑक्टोबर १९२१ रोजी दादरला ‘प्रबोधन’ पाक्षिक निघाले. सरकारी नोकरीची भाकरी सोडून माणूस छापखान्याच्या फुफाट्यात उतरला. मग काय व्हावयाचे ते झाले. कर्ज झाले, छापखाना आज दादरला तर उद्या साताऱ्याकडे, परवा पुण्यात, अशी वणवण झाली. पुण्यातल्या सोवळ्या मंडळींची मजल तर दारात मेलेले गाढव आणून टाकण्यापर्यंत गेली. हे आपण दरवर्षी ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. भिक्षुकशाहीला त्यांनी झोडपले याचे आपल्याला कौतुक.

पण याच ‘प्रबोधना’त ‘अंबाबाईचा नायटा’ या नावाने एक लेख आला होता. तो कोणावर होता? कोल्हापूरच्या देवळातल्या एका प्रकरणात दरबाराने जी भूमिका घेतली, तिच्यावर होता. म्हणजे साक्षात शाहू छत्रपतींवर. ब्राह्मणेतर चळवळीचा आधारवड, पत्रांना मदत देणारा राजा, वसतिगृहे काढणारा राजा. त्यालाही ठाकऱ्यांनी सोडले नाही, आणि तेवढ्यावरून दोघांचे संबंध तुटलेही नाहीत. हा लेख आपण जयंतीला वाचत नाही. का वाचत नाही, ते ज्याचे त्याने मनात म्हणावे.

आता खटल्यांकडे येतो.

मंडळी, फिर्याद करणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक स्वतःच्या नावाने येतो. म्हणतो, ‘माझ्याबद्दल याने खोटे छापले, माझी अब्रू गेली, मला न्याय द्या.’ दुसरा दुसऱ्याच कोणाच्या नावाने येतो. कधी मेलेल्या थोर पुरुषाच्या नावाने, कधी देवाच्या, कधी धर्माच्या, कधी ‘कोवळ्या मनाच्या वाचका’च्या नावाने. पहिल्याचा मला आदर आहे. दुसऱ्याचे वकीलपत्र जरा उलटून पाहावे लागते. खाली सही कोणाची आहे आणि दुखले नेमके कोणाचे आहे ते पाहावे लागते.

पहिल्या प्रकारचा खटला म्हणजे १८८२ सालचा कोल्हापूरचा. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले की, तरुण महाराजांचा हे छळ करतात. आधार म्हणून काही पत्रे पुढे आली. बर्वे स्वतःच्या नावाने कोर्टात गेले. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी चूक मान्य केली, तरी चार महिन्यांची कैद झाली, आणि त्यातले एकशे एक दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. खोटा कागद छापला, ज्याच्यावर छापला तो उभा राहिला, कोर्टाने निकाल दिला. कायद्याचे जे काम आहे ते कायद्याने केले.

या खटल्यात आपल्या घरची एक गोष्ट आहे. या दोघांच्या जामिनाला दहा हजार रुपये हवे होते. कोण उभा राहिला? सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. जोतीराव फुले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या शब्दावरून त्यांनी तो जामीन भरला. सुटल्यावर सत्कारातही सत्यशोधक होते. ‘केसरी’ पत्र आपल्याविषयी काय लिहिते आणि पुढे काय लिहील याचा हिशेब त्यांनी केला नाही. पत्र चालविणारा माणूस अडचणीत आहे, एवढेच पाहिले. ही गोष्ट मी कॉलेजातल्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना ती खरी वाटत नाही. आजच्या हवेत ती खरी वाटण्याजोगी राहिलेली नाही, हेच दुःख आहे.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट, आणि ही टाळ्यांची नाही. ‘दीनबंधु’ हे आपले आद्य पत्र. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढले, पोटाला चिमटा घेऊन चालविले, आणि १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईत सांभाळले. मधल्या काळात, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या पत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आणला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, फक्त आपल्या भाषांना होता. तो १८८२ साली रद्द झाला. पण कायदा पुस्तकातून गेला म्हणून भीती मनातून जाते काय? १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ‘दीनबंधु’ने सुरुवातीची प्रकरणे छापली, आणि थांबविली. पुढचा मजकूर फार जहाल वाटला. जोतीरावांना याचा संताप आला. त्यांच्या हयातीत तो ग्रंथ संपूर्ण छापून बाहेर पडला नाही.

लोखंडे म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा, त्यांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस. तोही कचरला. मी त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पत्र बंद पडले तर गिरणीतल्या माणसाचे गाऱ्हाणे छापणार कोण, असा विचार त्यांनी केला असेल, तर तो विचार करणाऱ्यावर दगड मारण्याची माझी लायकी नाही. सांगावयाचे एवढेच की, खटला न होताही लिखाण अडते. कोर्टात जे खटले जातात ते चार. छापखान्याच्या उंबऱ्यावरून जे कागद परत जातात त्यांची मोजदाद कोणीच ठेवीत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या फिर्यादीचा आपल्या इतिहासातला मोठा नमुना म्हणजे ‘देशाचे दुष्मन’. हे मासिक नव्हे, पुस्तक. पण ते लिहिणारा हाडाचा पत्रकार होता आणि भांडणही पत्रांतूनच पेटले होते. म्हणून त्याला या व्याख्यानात जागा देतो. १९२५ साली केशवराव जेध्यांनी पुणे म्युनिसिपालिटीत जोतीरावांच्या पुतळ्याची मागणी केली. टिळकांचा पुतळा आदल्याच वर्षी मंडईत बसला होता. माळ्याच्या पोराचा पुतळा म्हटल्यावर मात्र पेठांतून आग पाखडली गेली, जोतीरावांच्या नावाने नाही नाही ते छापले गेले. त्याला दिनकरराव जवळकरांनी या पुस्तकाने उत्तर दिले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांना देशाचे वैरी ठरविले.

ते पुस्तक मी वाचले आहे. त्यातली भाषा काही ठिकाणी अशी आहे की ती मी या व्यासपीठावरून, आयाबहिणी बसल्या असताना, वाचणार नाही. शिवीगाळीने युक्तिवाद बळकट होत नाही, उलट त्याचा पाय लुळा पडतो, आणि जवळकरांची लेखणी शिवीवाचूनही पुरेशी तिखट होती. हे आपल्या माणसाविषयी मी बोलतो याचा राग कोणास आला तर येवो.

पण फिर्याद पाहा. चिपळूणकर १८८२ साली वारले, टिळक १९२० साली. अब्रुनुकसानीच्या त्या ४९९ कलमाला एक पुरवणी खुलासा होता. मृत माणसाविषयीचा मजकूरही अब्रुनुकसानी ठरू शकतो, मात्र तो त्याच्या कुटुंबीयांच्या व जवळच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने छापलेला असला पाहिजे. म्हणजे मेलेल्याच्या वतीने जिवंत माणसाला कोर्टात येण्यासाठी ठेवलेली ही खिडकी. तिचा हेतू वाईट नसेल. कोणाच्या वारलेल्या आईविषयी वाटेल ते छापले तर लेकाने करावे काय? पण ही खिडकी घरच्या माणसांसाठी आहे. पक्षाने, पेठेने आणि जातीने तिच्यातून उड्या मारण्यासाठी नाही.

खालच्या कोर्टाने चौघांना कैदेची शिक्षा दिली. लेखक जवळकर, प्रकाशक जेधे, प्रस्तावना लिहिणारे बागडे, आणि चौथा मुद्रक रामचंद्र लाड. या चौथ्या नावापाशी जरा थांबा. १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण घालणे भाग होते. लेखकाला टोपणनाव घेता येते; मुद्रकाला घेता येत नाही. त्याचे यंत्र अवजड, ते पळवून नेता येत नाही. त्याच्या घरची चूल त्या यंत्रावर पेटलेली. म्हणून सरकार असो की जमाव, सर्वांना सापडतो तो मुद्रक. लेखकाची जयंती होते, प्रकाशक पुढे कायदेमंडळात जातो. मुद्रकाचे नाव पनवेलच्या या सभेत किती जणांनी आज पहिल्यांदा ऐकले, ते तुम्हीच सांगा.

अपिलात हे चौघे सुटले, १९२६ च्या ऑक्टोबरात. त्यांच्या वतीने उभे राहिले होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. विलायतेहून परत येऊन त्यांना थोडीच वर्षे झाली होती. पुण्यातल्या नामांकित वकिलांच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी हा खटला जिंकला. ब्राह्मणेतरांच्या घराघरात तेव्हा गूळ वाटला गेला नसेल तर नवल.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला गोड लागते. आपला लेखक, आपला वकील, आपली सुटका. पुढची ऐका. आठ वर्षांनी, १९३४ साली, तेच बाबासाहेब मुंबईच्या कोर्टात आणखी एका माणसासाठी उभे राहिले. तो माणूस चित्पावन. आपल्याच कोकणातल्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातला, महर्षी धोंडो केशव यांचा मुलगा. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाचा पुरस्कार केला म्हणून कॉलेज सुटले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून पहिला खटला झाला, त्यात शंभर रुपये दंड. १९३४ चा खटला त्याहून विलक्षण होता. वाचकांनी लैंगिक बाबींविषयी प्रश्न पाठविले होते आणि कर्व्यांनी त्यांची उत्तरे छापली होती. एवढाच गुन्हा.

इथे फिर्याद कोणाच्या नावाने होती पाहा. वाचकाच्या! वाचकाचे मन बिघडेल म्हणून. अहो, ज्याचे मन बिघडेल म्हणता त्यानेच तर पोस्टाचे तिकीट लावून प्रश्न पाठविला! त्याला घरात विचारता येईना, वैद्याला विचारण्याची लाज, म्हणून त्याने मासिकाला विचारले. बाबासाहेबांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ हाच होता : या विषयावरचे लिखाण म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, लोकांना शंका असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, आणि उत्तर देऊ नये असे म्हणावयाचे तर मासिकच चालवू नये असे म्हणा. कोर्टाला ते पटले नाही. तेव्हा कसोटी चालत असे ती विलायतेतल्या १८६८ सालच्या हिक्लिन प्रकरणातली : ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होण्यासारखा आहे अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडतील काय? म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाच्या माणसाला समोर धरावयाचे, आणि तो माणूस कधी साक्षीला येत नाही. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेब हरले.

हा हरलेला खटला मला जिंकलेल्या खटल्याहून मोठा वाटतो. काळ पाहा. १९३२ साली पुणे करार झालेला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिलेला. आपल्या समाजाच्या हजार व्यथा पदरात असताना एका चित्पावन प्राध्यापकाच्या, ज्याला त्याच्याच जातीने टाकल्यासारखे केले होते, त्याच्या मासिकासाठी हा माणूस कोर्टाची पायरी चढतो! यातून त्यांना एक मत मिळावयाचे नव्हते. उलट ‘हे असल्या घाणीची वकिली करतात’ असे म्हणणाऱ्यांना एक निमित्त मिळाले असते. पण त्यांना प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. १९३८ साली त्यांच्या पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. १९५२ साली मात्र भारत सरकारने स्वतःच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरात वारले आणि त्यांच्याबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ही संपले. ज्या गोष्टीसाठी दंड भरला ती सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगविलेली पाहावयास त्यांना आणखी काही वर्षे हवी होती.

कलमांविषयी दोनच शब्द. जातीजातींत वैर पसरविण्याचे १५३ अ हे कलम १८९८ साली आले. धर्मभावना दुखविण्याचे २९५ अ हे १९२७ साली आले, आणि त्याला कारण लाहोरचे एक पुस्तक, ज्याचा प्रकाशक हायकोर्टातून सुटला होता. कायद्यात खिडकी नाही असे दिसताच ती पाडून घेतली गेली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. पहिले १९६ झाले, दुसरे २९९, अब्रुनुकसानीचे ३५६. आकडा बदलला, खिडकी तिथेच आहे.

ती किती रुंद झाली आहे याचा दाखला लातूरकडचा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका अंतर्गत मासिकात छापली गेली. सभासदांपुरते पत्र, बाजारात विकावयाचेही नाही. गांधींच्या तोंडी अश्लील भाषा घातली म्हणून फिर्याद झाली. मासिकवाल्यांनी माफी छापली. प्रकरण वीस वर्षे कोर्टांतून फिरत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ साली निकाल लागला तो असा की, माफी मागितल्याने प्रकाशक आणि मुद्रक सुटले. कवीवर मात्र खटला चालू शकेल, कारण ऐतिहासिक थोर पुरुषाच्या नावाआडून असभ्य भाषा वापरण्याची मुभा कवीलाही नाही. कविता मला आवडली की नाही हा मुद्दा वेगळा. (मला ती निम्मी आवडली.) पण थोर पुरुषांच्या वतीने जिवंत माणसांनी तक्रार करण्याचा जो रस्ता १९२५ साली चिपळूणकर-टिळकांच्या नावाने पायवाट होता, तो आता हमरस्ता झाला. आणि त्या हमरस्त्यावर कोणाच्या गाड्या सर्वांत जास्त धावतात? लाजू नका, मंडळी. त्यांतल्या पुष्कळ आपल्या आहेत.

२००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. एका परदेशी लेखकाने शिवछत्रपतींच्या मातापित्यांविषयी ऐकीव कुचाळकी छापली, आणि त्याचा राग हस्तलिखितांच्या कपाटांवर निघाला. ते लिखाण नीच होते, बिनपुराव्याचे होते. पण कपाटातल्या पोथीने काय केले होते? सरकारने पुस्तकावर बंदी घातली; ती २००७ साली हायकोर्टाने उठविली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. दरम्यान त्या कुचाळकीची प्रसिद्धी हजारपट झाली. उलट गोविंदराव पानसऱ्यांनी ‘शिवाजी कोण होता?’ ही एवढीशी पुस्तिका लिहिली, ती लाखांनी खपली. शिवरायांवरून पांघरलेला खोटा शेला त्या चिमुकल्या पुस्तिकेने जितका काढला तितका कोणत्याही दगडाने काढला नाही. त्या पानसऱ्यांना २०१५ साली गोळ्या घातल्या. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक नरेंद्र दाभोलकर यांना त्याआधी, २०१३ साली. मारणाऱ्यांनी फिर्यादीची तसदी घेतली नाही.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातून एक मासिक निघत असे. सोळा पानांचे, कागद हलका, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. चालविणारा पोरगा मिठागरावर मजुरी केलेल्या बापाचा. नाव सांगत नाही. एका अंकात त्याने लेख लिहिला : जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणारी इथली पुढारी मंडळी स्वतःच्या घराची वास्तुशांत करताना मुहूर्त कोणाकडून काढतात, दक्षिणा किती देतात, आणि ती पूजा आटोपून त्याच संध्याकाळी सत्यशोधक विवाहावर भाषण कसे ठोकतात. कोणाचे नाव नव्हते. नाव असण्याची गरजही नव्हती. ज्याची वास्तुशांत झाली होती त्याला ते कळले. माझ्या घराची त्याच वैशाखात झाली होती. आईचा हट्ट, मी मान तुकविली.

त्या लेखात शेवटी जोतीरावांना उद्देशून एक वाक्य होते, थट्टेचे. ‘तात्या, तुमचा फोटो आम्ही देव्हाऱ्यातच टांगला आहे, आता तुम्हालाही नैवेद्य दाखवू’ अशा आशयाचे. झाले! आम्हाला हवे ते सापडले. महापुरुषाची विटंबना! बैठक झाली, अर्ज झाला, खाली सह्या झाल्या. त्यात एक सही माझी. अर्जात वास्तुशांतीचा उल्लेख नव्हता. ‘समस्त बहुजन समाजाच्या भावना दुखावल्या आहेत’ असे होते. बंधुभगिनींनो, त्या दिवशी समस्त बहुजन समाजाला त्या मासिकाचे नावही ठाऊक नव्हते. दुखावलो होतो आम्ही अकरा जण.

खटला झाला नाही. तेवढी वेळच आली नाही. पोलीस एकदा चौकशीला छापखान्यात गेले, आणि छापखानेवाल्याने पोराला सांगितले, “बाबा, तुझा अंक आता दुसरीकडे बघ.” दुसरीकडेही तेच झाले. मासिक बंद पडले. कोर्ट नाही, दंड नाही, निकाल नाही. फुकट काम झाले.

गेल्या वर्षी तो मला स्टँडावर भेटला. उरणच्या बाजूला गोदामात कामाला आहे. मी ओळख दाखवू की नको अशा विचारात, तर तोच पुढे आला. म्हणाला, “काका, घर कसं आहे?” मी म्हणालो, “बरं आहे.” मग मीच म्हणालो, “अरे, त्या अर्जावर माझी सही होती.” तो म्हणाला, “ठाऊक आहे. तुमची सही सुवाच्य होती, बाकीच्यांच्या लागत नव्हत्या.” एवढे बोलून त्याने मला चहा पाजला. पैसेही त्यानेच दिले. मी देत होतो, त्याने घेऊ दिले नाहीत.

ही गोष्ट मी जोतीरावांच्या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा शरमेने मान खाली गेली. ज्या माणसाने आपल्याच पत्राने आपले लिखाण अडविल्याचे दुःख भोगले, त्याच्या नावाने आम्ही एक पत्र अडविले. ज्याच्या शब्दावरून टिळक-आगरकरांचा जामीन भरला गेला, त्याची बाजू म्हणून आम्ही ठाण्यात अर्ज टाकला. जोतीरावांनी आम्हाला वकीलपत्र केव्हा दिले होते?

मग काय, कोणी काहीही छापावे आणि आपण हात बांधून बसावे? नाही. माझ्याविषयी, माझे नाव घेऊन, खोटे छापले तर मी माझ्या नावाने कोर्टात जाईन, जसे बर्वे गेले. एखाद्या वस्तीवर चालून जा, यांची घरे जाळा, असे कोणी छापले तर ते मत नव्हे, ती सुपारी आहे. तिथे पोलिसांना बोलवावेच लागेल, आणि आपल्या वस्त्यांना याचा अनुभव आहे. पण जोतीरावांची, बाबासाहेबांची, छत्रपतींची निंदा कोणी केली तर त्याला उत्तर कागदावर द्यावयाचे. पुरावा काढून, पान नंबर दाखवून, त्याच्या पत्रात आणि त्याने छापले नाही तर आपल्या पत्रात. त्यासाठी आपल्याजवळ पत्र पाहिजे, आणि ‘विजयी मराठा’, ‘दीनमित्र’, ‘जागृति’ चालविणाऱ्यांनी ती ज्या हालांत चालविली त्याच्या दशांशही हाल आज नाहीत. अर्ज लिहिण्यास मात्र एक कागद आणि अकरा सह्या पुरतात. म्हणून आपल्याला अर्ज सोपा वाटतो.

त्या पोराशी माझे नंतर दोनदा बोलणे झाले. मासिक पुन्हा काढण्याची त्याची तयारी आहे. त्याच्याबरोबर कॉलेजातल्या तीन मुली आणि एक रिक्षावाला आहे. २०२३ च्या नव्या कायद्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन डिक्लेरेशन करण्याची जुनी कटकट गेली, नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यात प्रकाशक म्हणून कोणाचे तरी नाव लागते. पोराने आपले घालू नये, असे त्याच्या आईचे म्हणणे; आणि तिचे चुकते असे मला म्हणवत नाही. ते नाव माझे घालावे असे मी त्याला सांगितले आहे. त्याने अट घातली की पहिल्या अंकात तो वास्तुशांतीचा लेख जसाच्या तसा, शेवटच्या वाक्यासकट, पुन्हा छापावयाचा. मी कबूल केले. घरात अजून सांगितलेले नाही, या सभेनंतर सांगेन.

छापखान्याचे मात्र अजून जमलेले नाही. पनवेलातल्या दोघांनी नाही म्हटले आहे, एकाने विचार करून सांगतो म्हटले आहे. तो इथे मागे बसला आहे, त्याच्याकडे वळून पाहू नका. वर्गणीची वही चालकांच्या टेबलावर ठेवली आहे.